चोरी झाली, पण गेलं काहीच नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे मामू सोलापूरला रंगारी होते. सुताच्या लडी रंगवायच्या आणि विणकरांना द्यायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्या हातचा लाल रंग सोड्याच्या पाण्यात उकळला तरी उतरत नसे, अशी त्यांची ख्याती होती. रंगाच्या भांड्यात शेवटची जिन्नस टाकायची वेळ आली, की मामू कामावरच्या पोराला हाक मारायचे, ‘‘जा रे, दोन बादल्या पाणी घेऊन ये.’’ पोरगा परत येईपर्यंत जे टाकायचं ते टाकून झालेलं असे. सुट्टीत मी तिथं असलो, तर मलाही त्या पोराबरोबर पिटाळलं जाई. भाचा असलो म्हणून काय झालं!

पुढं मी कविता लिहू लागलो, तेव्हा मामूंची ती पाण्याची बादली मला पुन्हा पुन्हा आठवायची. कारण कवितेचा धंदा अगदी उलटा. कविता चार जणांना पाठ झाली तर ती चौपट होते. कुणी ती वहीत उतरवून घेतली, तर कवीला आनंदच होतो. मामूंचा लाल रंग मात्र चार जणांना कळला असता, तर तो तसाच लाल राहिला असता, पण त्याचा भाव गेला असता. अशा माहितीला कायद्याच्या भाषेत ‘ट्रेड सिक्रेट’ म्हणतात. आपण तिला धंद्यातलं गुपित म्हणू. पेटंट ही निराळी गोष्ट. पेटंट घेणारा आपली युक्ती सरकारदरबारी उघड करतो आणि त्या बदल्यात वीस वर्षांची मक्तेदारी मिळवतो. गुपिताला मुदत नसते. राखलं तर शंभर वर्षं राहील आणि फुटलं तर एका दुपारी फुटेल.

आज मला ज्या चोरीविषयी बोलायचं आहे, ती या गुपितांची चोरी. पण हा चोर रात्री कौलं काढून घरात उतरत नाही. तो हजारो मैलांवर टेबलाशी बसलेला असतो, आणि आरोप खरा मानला तर त्याला महिन्याचा पगार सरकारी तिजोरीतून मिळतो.

१९ मे २०१४ या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर एक आरोपपत्र जाहीर केलं. आरोपी पाच, आणि पाचही जण चिनी सैन्याच्या ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीतले. दुसऱ्या देशाच्या गणवेशातल्या माणसांवर संगणकातून व्यापारी गुपितं चोरल्याचा गुन्हा अमेरिकेनं नोंदवण्याची ही पहिलीच वेळ. खटला दाखल झाला पिट्सबर्गला. ते गाव पोलादाचं. ज्यांच्या संगणकात चोर शिरले, त्यांतले बहुतेक त्याच परिसरातले : यू. एस. स्टील, अ‍ॅल्युमिनियमवाली अल्कोआ, खास धातू बनवणारी अ‍ॅलेघनी टेक्नॉलॉजीज, अणुभट्ट्या उभारणारी वेस्टिंगहाऊस. शिवाय सौरपत्रे बनवणारी सोलारवर्ल्ड. आणि सहावं नाव वाचून मी थबकलो. ते कंपनीचं नव्हतंच. ते होतं पोलाद कामगारांच्या युनियनचं!

युनियनकडे कसलं आलंय गुपित? तिच्याकडे ना भट्टी, ना सूत्र, ना नकाशा. पण चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालाविरुद्ध ती सरकारकडे दाद मागत होती. पुढं काय करायचं, कुठं जोर लावायचा, यावर तिचे पुढारी एकमेकांना पत्रं लिहीत होते. आरोपपत्र म्हणतं, की २०१२ मध्ये ती पत्रं चोरली गेली. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथं आहे. गुपित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुलूपबंद पेटीतला एखादा फॉर्म्युला येतो. प्रत्यक्षात पुष्कळदा चोराला हवा असतो तो समोरच्याचा विचार : तो किती खाली उतरेल, कशाला घाबरतो, वकिलाला काय सांगतो.

वेस्टिंगहाऊसचं उदाहरण घ्या. ही कंपनी तेव्हा चीनमध्ये ‘एपी-१०००’ जातीच्या चार अणुभट्ट्या उभारत होती. गिऱ्हाईक होतं चीनचीच सरकारी कंपनी. करारानुसार बरंच तंत्रज्ञान चीनला रीतसर मिळणारच होतं. तरीही २०१० मध्ये भट्टीच्या इमारतीतले नळ कसे फिरवायचे, त्यांना आधार कसा द्यायचा, याची गोपनीय रेखाटनं चोरीला गेली. नळ म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण अणुभट्टीतल्या नळजोडणीमागं वर्षानुवर्षांचा अभ्यास असतो, आणि तो आयता मिळाला तर प्रतिस्पर्ध्याचा तेवढा खर्च वाचतो. हे झालं एक. दुसरं असं, की गिऱ्हाइकाशी पुढं कसं वागायचं, याविषयी कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसांत लिहिलेली पत्रंही गेली. दोन वर्षांत मिळून जी माहिती बाहेर गेली, ती कागदावर छापली असती तर सुमारे सात लाख पानं झाली असती. सात लाख पानं न्यायला ट्रक लागला असता, दारावरच्या पहारेकऱ्यानं हटकलं असतं. इथं कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. कारण मूळ पानं जागच्या जागीच होती. घरातली वस्तू गेली की जागा रिकामी दिसते. या चोरीत काहीच हलत नाही.

हे चोर आत शिरतात तरी कसे? याचं उत्तर द्यायला मला माझीच फजिती सांगावी लागेल. चार वर्षांपूर्वी मला एक मेल आला. विषय होता, ‘राज्यस्तरीय कविसंमेलन : निमंत्रण व कार्यक्रमपत्रिका’. पाठवणाऱ्याच्या जागी एका कविमित्राचं नाव. कवीला निमंत्रण आलं की तो चष्मा पुसण्याइतकाही थांबत नाही. मी पत्रिकेवर बोट दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं. तीन दिवसांनी माझ्या ओळखीच्या यच्चयावत माणसांना माझ्या नावानं तेच निमंत्रण पोचलं. एका वयोवृद्ध समीक्षकांनी तर फोन करून, मानधन किती, असंही विचारलं! माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. ती आली, तिनं दोन तास खटपट केली आणि म्हणाली, ‘‘अब्बा, नाव काकांचं होतं, पण त्याखालचा पत्ता बघितलात का?’’ नव्हता बघितला. तो भलताच होता.

आता अल्कोआचं ऐका. २००८ मध्ये या कंपनीनं एका चिनी सरकारी कंपनीशी भागीदारी जाहीर केली. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी अल्कोआच्या काही वरिष्ठांना एक मेल आला. पाठवणारे, दिसायला, कंपनीच्याच संचालक मंडळातले एक सभासद. सोबत भागधारकांच्या वार्षिक सभेची कार्यक्रमपत्रिका. कुणीतरी ती उघडली. त्या पत्रिकेच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम होता. तो गुपचूप संगणकात बसला आणि त्यानं आतून कडी काढली. पुढं २,९०७ ई-मेल आणि त्यांना जोडलेले सुमारे ८६३ कागद बाहेर गेले. अल्कोआचे ते मोठे अधिकारी आणि मी एकाच कार्यक्रमपत्रिकेला फसलो, याचं मला थोडं समाधान वाटलं, हे कबूल करतो.

या युक्तीला इंग्रजीत ‘स्पिअर फिशिंग’ म्हणतात. जाळं टाकून सापडेल तो मासा धरायचा नाही. एक मासा हेरायचा, तो काय खातो ते बघायचं आणि नेम धरून भाला मारायचा. एकदा आत शिरलं की घाई नसते. एका संगणकावरून दुसऱ्यावर, एकाच्या पासवर्डवरून दुसऱ्याच्या पासवर्डवर. अ‍ॅलेघनी टेक्नॉलॉजीजच्या बाबतीत तर जवळजवळ प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरांच्या हाती लागला होता. मग हवी ती माहिती गोळा करायची, गाठोडं बांधावं तशी एका फाईलमध्ये आवळून बांधायची, आणि दुसऱ्याच कुठल्यातरी देशातल्या बेसावध संगणकामार्गे बाहेर काढायची. म्हणजे मागं वळून बघणाऱ्याला तो मधला, निरपराध संगणकच दिसावा.

मग शांघायचं नाव पुढं आलं कसं? फेब्रुवारी २०१३ मध्ये मँडियंट नावाच्या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं एक अहवाल छापला होता. २००६ पासून एकच टोळी निदान १४१ संस्थांच्या संगणकांत शिरली, असं त्यात मांडलं होतं. एका ठिकाणी तर चोरांचा मुक्काम चार वर्षं दहा महिने होता. आपल्याकडचे भाडेकरूसुद्धा इतकं चिकटून बसत नाहीत! (बसतात, पण ते निदान दिसतात तरी.) धागे उलटे ओढत अहवाल शांघायच्या पुडोंग भागातल्या दातोंग रस्त्यावर पोचला. तिथं १२ मजल्यांची एक इमारत आहे आणि तीच ६१३९८ तुकडीची, असं मँडियंटचं म्हणणं. पुढच्या वर्षीच्या आरोपपत्रात मला आवडलेला तपशील निराळाच. चोरांच्या हालचाली बहुतांशी शांघायच्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळातल्या होत्या, आणि मध्ये दुपारी खंड पडत होता. जेवणाची सुट्टी! माणूस नाव लपवतो, पत्ता लपवतो, पण भूक लपवत नाही.

चीननं हे सगळं साफ नाकारलं. आरोपपत्र रचलेलं आहे, असं म्हणत संगणक सुरक्षेविषयी अमेरिकेशी चाललेल्या संयुक्त गटाचं कामही त्यानं थांबवलं. त्या पाच जणांची छायाचित्रं अमेरिकेच्या ‘एफबीआय’नं ‘पाहिजेत’ म्हणून छापली. काहींच्या अंगावर लष्करी गणवेश आहे. त्यांतला एकही कधी न्यायालयात उभा राहिला नाही. म्हणून मी वर पुन्हा पुन्हा ‘आरोपपत्र म्हणतं’ असं म्हणतो आहे. पुरावा दोन्ही बाजूंनी तपासला जाणं, हे या प्रकरणात झालेलं नाही.

सोलारवर्ल्डची गोष्ट मात्र मला सर्वांत अस्वस्थ करते. ही मूळची जर्मन कंपनी, बॉनची. अमेरिकेत तिचा मोठा कारखाना ऑरेगन राज्यातल्या हिल्सबरो गावी होता. चिनी कंपन्या आपले सौरपत्रे रास्त किमतीहून कमी दरानं अमेरिकेत ओततात, अशी तक्रार तिनं अमेरिकी सरकारकडे केली होती, आणि २०१२ मध्ये व्यापार खात्यानं ती मान्यही केली. त्याच सुमाराला तिच्या संगणकांतून हजारो फाईली गेल्या. त्यांत उत्पादनाची माहिती होती, खर्चाचे हिशेब होते. चालू दाव्याविषयी वकिलांशी झालेला पत्रव्यवहार होता. म्हणजे उलटतपासणीत काय विचारायचं, ते आदल्या रात्री प्रतिपक्षाला वाचायला मिळावं तसं. आणि हातातल्या रोकडीचे तक्ते होते. आरोपपत्रात याचा अर्थ सरळ सांगितला आहे : बाजारात धक्का बसला तर ही कंपनी किती काळ तग धरील, हे त्या तक्त्यांवरून प्रतिस्पर्ध्याला कळू शकलं असतं.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्याकडच्या कुठल्याही छोट्या कारखानदाराला विचारा. मंदीत माल तोट्यात विकून दुसऱ्याला बुडवायचं असेल, तर एकच आकडा लागतो. तो आधी किती महिन्यांत मोडेल? तो आकडाच हाती आला तर मग फॉर्म्युला चोरायची गरज काय?

सोलारवर्ल्डनं मे २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. हिल्सबरोचा कारखाना पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं घेतला आणि २०२१ मध्ये तोही बंद झाला. चोरीमुळंच हे झालं का? तसं म्हणता येणार नाही. त्या वर्षांत सौरपत्र्यांचे भाव जगभर कोसळत होते आणि चीनमधल्या कारखान्यांचा पसारा अफाट होता. माझ्या स्वतःच्या गच्चीवर जे पत्रे आहेत, त्यांवर चिनी कंपनीचंच नाव आहे, आणि विजेचं बिल कमी आलं की मी खूश होतो. वेस्टिंगहाऊसनंही २०१७ मध्येच दिवाळखोरी जाहीर केली, पण तिला बुडवलं ते अमेरिकेतल्याच भट्ट्यांच्या वाढत गेलेल्या खर्चानं. चोरीचा वाटा किती, हे तराजूत घालून दाखवता येत नाही, हीच या चोरीची मोठी सोय आहे. यू. एस. स्टीलनं २०१६ मध्ये तसा प्रयत्न करून पाहिला. आपलं खास मजबूत पोलाद बनवण्याचं गुपित संगणकातून चोरून चीनमधल्या कारखान्यांनी वापरलं, अशी तक्रार तिनं अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे नेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो आरोप तिनंच मागं घेतला. चोर घरात आला होता हे दाखवणं एक, आणि चोरलेली वस्तू अमक्याच्या भट्टीत वितळली हे दाखवणं दुसरं.

आता कुणी म्हणेल, अमेरिका काय कमी आहे? बरोबर आहे. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी जे कागद बाहेर काढले, त्यांतून अमेरिकी हेरखात्याचा डोळा ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीवरही होता, हे दिसलं. अमेरिकेचं म्हणणं असं, की आम्ही देशाच्या सुरक्षेसाठी हेरगिरी करतो, पण मिळालेली माहिती आमच्या एखाद्या कंपनीला धंद्यासाठी देत नाही. हा फरक खरा आहे, आणि तो महत्त्वाचाही आहे. पण तो आखणारा देश आधीच श्रीमंत झालेला आहे, हे विसरून चालत नाही. त्याच अमेरिकेत पहिली मोठी सूतगिरणी उभी राहिली ती सॅम्युएल स्लेटर या कारागिरामुळं. १७८९ मध्ये तो इंग्लंडमधून यंत्रांचे नकाशे डोक्यात साठवून निघाला होता, कारण कागद नेणं गुन्हा होता. चीनचाही चहा चोरीला गेला आहे. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसानं १८४८ नंतर चिनी वेष करून तिथल्या मळ्यांतून रोपं आणि बिया मिळवल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी हिमालयाच्या पायथ्याशी धाडल्या. आणि आमच्या मामूंच्या धंद्याचं म्हणाल, तर १७४२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर राहणाऱ्या कोर्दू या फ्रेंच पाद्र्यानं तिथल्या रंगाऱ्यांकडून चिटाचं कापड रंगवण्याची सगळी कृती विचारून घेतली आणि पत्रातून फ्रान्सला कळवली. त्या रंगाऱ्यांना पाण्याची बादली आठवली नाही.

पण जुन्या चोरीनं नवी चोरी माफ होत नाही. आणि एक फरक आहेच. फॉर्च्यूनला काही वर्षं मळ्यामळ्यांतून हिंडावं लागलं, कोर्दूला रंगाऱ्यांचा विश्वास संपादन करावा लागला. आज एका कारकुनाचं एक बोट चुकीच्या जागी पडलं की पुरतं.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी बराक ओबामा आणि शी जिनपिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये एक समझोता जाहीर केला. आपल्या कंपन्यांच्या फायद्यासाठी दुसऱ्याची व्यापारी गुपितं संगणकातून चोरायची नाहीत आणि चोरणाऱ्याला पाठीशीही घालायचं नाही, असं दोघांनी कबूल केलं. काही काळ घुसखोरी कमी झाल्याचं सुरक्षा कंपन्यांना दिसलंही. मग डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं आणखी दोन चिनी नागरिकांवर आरोप ठेवले. या वेळी नाव सैन्याचं नव्हतं, चीनच्या गुप्तचर खात्याचं होतं. पद्धतही सुधारली होती. एकेका कंपनीचं दार ठोठावण्याऐवजी अनेक कंपन्यांचे संगणक सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडेच शिरायचं. वाड्यातली दहा कुलपं फोडण्यापेक्षा किल्ल्या ज्याच्याकडे असतात, तो दिवाणजी गाठावा तसं. सुरक्षा क्षेत्रात या टोळीला ‘एपीटी-१०’ म्हणतात.

हे नाव आपल्या अगदी जवळ येऊन गेलं आहे. १ मार्च २०२१ रोजी रॉयटर्सनं बातमी दिली. सायफर्मा या सुरक्षा कंपनीच्या म्हणण्यानुसार ‘एपीटी-१०’नं पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची भारत बायोटेक यांच्या संगणक व्यवस्थेतल्या फटी हेरल्या होत्या. करोनाच्या लशीचे ते दिवस आठवा. लक्ष्य केलं म्हणजे चोरी झाली, असं नव्हे. कंपन्यांनी त्यावर बोलणं टाळलं. बहुतेक कंपन्या टाळतातच. चोरी झाली म्हटलं की शेअरचा भाव पडतो, गिऱ्हाईक बिचकतं आणि परदेशी सरकार रुसलं तर तिथला बाजार जातो. पोलिसात वर्दी देण्यापेक्षा गप्प बसणं परवडतं. त्यामुळं आपल्यासमोर येतात ती प्रकरणं किती आणि झाकलेली किती, याचा हिशेब लागत नाही.

आपल्याकडे तर या गुपितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. करारभंग, विश्वासघात, माहिती तंत्रज्ञान कायदा अशा वेगवेगळ्या ठिगळांवर काम भागवलं जातं. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात असा कायदा करावा, अशी शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही जोडला. त्या अहवालाच्या नावातच व्यापारी गुपितांबरोबर आर्थिक हेरगिरीचाही उल्लेख आहे.

मामू गेले तेव्हा त्यांचा लाल रंगही गेला. त्यांच्या मुलांना या धंद्यात यायचं नव्हतं, आणि तोवर गिरण्यांचा तयार रंग स्वस्त झाला होता. मरणाच्या दोन वर्षं आधी त्यांनी मला ती शेवटची जिन्नस सांगितली. मी कवी आहे, मला रंगवता येत नाही, म्हणून असावं. ती इथं सांगणार नाही.

माझं म्हणाल, तर मी आता सावध झालो आहे. गेल्या पावसाळ्यात पुन्हा एका कविसंमेलनाचा मेल आला, सोबत कार्यक्रमपत्रिका. मी ती उघडली नाही. संयोजकांना फोन लावला आणि म्हटलं, मला पत्रिका पोस्टानंच पाठवा. त्यांनी बिचाऱ्यांनी पाठवलीही. ती माझ्या हाती पडली तेव्हा संमेलन होऊन दोन दिवस झाले होते.